यांना जंगल नको, मला आफ्रिका हवी

पत्र थोडक्यात: नेरूळच्या एक वाचक, वय ५९, गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाल्या. शाळेपासूनचं एकच वेड, आफ्रिकेतलं जंगल, केनियातलं मसाई मारा. ग्रॅच्युइटीतले पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेत. नवऱ्याला (वय ६४, शुगर आहे) काडीचा रस नाही, "टीव्हीवर तेच दिसतं, वर डास चावत नाहीत" हे त्यांचं म्हणणं. पुण्याचा मुलगा म्हणतो, आई दोन वर्षं थांब, मग आपण सगळेच जाऊ. नात आत्ता तीन वर्षांची. दोन टूरवाल्यांची कोटेशन्स आलीयेत. एकाचा मोठा ग्रुप, ऑगस्टमध्ये, सात रात्रींत नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मसाई मारा, पावणेचार लाख. दुसऱ्याचा सहा जणांचा छोटा ग्रुप, दोनच ठिकाणं, साडेचार लाख. त्या लिहितात, "आयुष्यात एकदाच जाणार, तर सगळं बघून व्हायला नको का? आणि ते प्राणी नदी ओलांडतात ते नाही दिसलं तर पैसे पाण्यात गेले असंच वाटेल. यांना सोडून एकटीनं जाणं स्वार्थीपणा होईल का?" आणि शेवटी ता.क., आजवर एकही सफारी केलेली नाही.

—

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. "यांना" हा शब्द अकरा वेळा आलाय. यांना आवडत नाही, यांना काय वाटेल, यांना जेवायचं कोण बघेल. "मला" चार वेळा. ही काही तक्रार नाही, आपल्या वयाच्या बायका अशाच लिहितात, मीही लिहिते. पण बघा, यांना जायचं नाहीये हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. अडवलेलं कुठेच नाहीये. "तू जाऊ नकोस" असं वाक्य मी पत्रात शोधलं, सापडलं नाही. मग ही परवानगी तुम्ही नक्की कुणाकडे मागताय? माझ्याकडे असेल तर घ्या, दिली, पण खरं सांगायचं तर ती लागतच नव्हती.

ज्याला जंगलात रस नाही त्याला ओढून नेणं हा मात्र स्वार्थीपणा, आणि वर मूर्खपणा. सकाळी साडेपाचला उठायचं, थंडीत कुडकुडत गाडीत बसायचं, चार तास धूळ, आणि शेजारी कुणीतरी घड्याळ बघतंय. आमच्या गाडीत असा एक जण होता, बायकोच्या हट्टापायी आलेला. चित्ता समोर बसलेला असताना "नाश्ता किती वाजता" विचारत होता. त्या बिचारीनं चित्ता बघितलाच नाही, तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. नऊ दिवसांचा डबा नेरूळमध्ये सहज लागतो, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून ठेवा, मुलाला एक वीकएंड येऊन राहायला सांगा. चौसष्ट वर्षांचा माणूस आहे, त्याला गॅस पेटवता येतो. येत नसेल तर आता शिकायला हरकत नाही.

आता मुलाचं "दोन वर्षं थांब". प्रेमानं म्हणतोय यात शंका नाही. पण दोन वर्षांनी नात पाच वर्षांची होईल, तिकडचे बरेच कॅम्प लहान मुलांना शेअरिंगच्या गाडीत घेत नाहीत, वेगळी अख्खी गाडी करा म्हणतात, आणि घेतलं तरी पाच वर्षांचं पोर चार तास गप्प बसणार आहे का? खऱ्या अर्थानं ती ट्रिप तिला कळायला ती आठ-नऊची व्हायला हवी, तेव्हा तुम्ही पासष्टीला टेकलेल्या. तुम्हीच लिहिलंय की उजवा गुडघा आत्तापासून बोलायला लागलाय. मुलाला सांगा की सगळ्यांची ट्रिप वेगळी, ती होईलच, ताडोबाला करू नाहीतर गीरला करू, तिथले सिंह २०२५ च्या गणनेत ८९१ भरलेत, नातीला दाखवायला पुष्कळ झाले. आफ्रिका माझी आहे.

बरं, आता ज्या शब्दाशी माझं खरं भांडण आहे तिकडे येते. "एकदाच". तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ हा शब्द आहे असं मला वाटतं. एकदाच म्हटलं की माणूस लग्नातल्या बुफेसारखं ताट भरतो. तुमचं पावणेचार लाखांचं कोटेशन मी कागदावर मांडलं. नैरोबीहून अंबोसेली चारेक तास, तिथून नैवाशा पाच-सहा तास, नाकुरू दीड तास, नाकुरूहून मारा पुन्हा पाच-सहा, आणि माराहून नैरोबी तेवढेच. बेरीज करा, वीस तासांच्या वर नुसता रस्त्यावरचा प्रवास, आणि ज्या माराचं स्वप्न शाळेपासून बघितलं तिथे रात्री किती? दोन. म्हणजे एक दुपार, एक पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवशी बॅगा गाडीत. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसायला आपण इथे आहोतच की, त्यासाठी केनियाला कशाला जायचं?

आणि नाकुरू! ताई, तुम्ही नेरूळला राहता. नाकुरूच्या तळ्यावरच्या लाखो फ्लेमिंगोंचे फोटो टूरवाला दाखवतो ते बरेचसे जुने असतात, गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या तळ्याचं पाणी इतकं वाढलंय की खारटपणा कमी झाला, फ्लेमिंगो जे शेवाळ खातात ते घटलं आणि त्यातले बरेच पक्षी दुसऱ्या तळ्यांवर गेले. तोच छोटा फ्लेमिंगो, अगदी तीच जात, तुमच्या नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर आणि ठाण्याच्या खाडीत येतो. खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलाय. ऐरोलीहून बोटीनं जाता येतं. तर फ्लेमिंगोसाठी नाकुरू नको. गेंड्यांसाठी म्हणत असाल तर ठीक, काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे तिथे चांगले दिसतात, तेवढ्यासाठी एक रात्र मी समजू शकते.

आता नदीचं. तुम्हाला वाटतंय की ऑगस्टमध्ये गेलं की प्राणी रांगेनं येऊन उड्या मारतात. टीव्हीवर जे चार मिनिटं दिसतं त्यासाठी कॅमेरावाले आठवडे बसलेले असतात. होतं असं की दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) आणि त्यांच्यासोबत झेब्रे वर्षभर गवतामागे आणि पावसामागे गोल फिरत असतात, टांझानियातल्या सेरेंगेटीपासून केनियातल्या मारापर्यंत आणि परत. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते माराच्या बाजूला असतात. त्या काळात मारा नदी इकडून तिकडे, तिकडून इकडे बऱ्याचदा ओलांडतात, पण कधी आणि कुठून हे त्यांनाही माहीत नसतं. मी गेले तेव्हा काठावर चार तास थांबलो. कळप जमत होता, जमत होता, पुढचे पाण्यापर्यंत आले, एक झेब्रा खाली उतरला, सगळ्या गाड्यांत श्वास रोखले गेले, आणि मग कुणास ठाऊक काय झालं, सगळे वळले आणि निघून गेले. चाळीसेक गाड्या होत्या. गाड्यांनीच त्यांची वाट अडवली असणार असं मला अजून वाटतं.

पण मला त्या चार तासांतलं काय आठवतं सांगू? आवाज. ते प्राणी सतत हुंकारत असतात, हजारो एकदम, लांबून ऐकलं तर म्हशींच्या मोठ्या गोठ्यातून येतो तसला आवाज, आणि वास पण तसाच. हे टीव्हीवर येत नाही, यांना सांगा.

तर माझं मत, आणि यावर माझ्या ओळखीतले फोटोवाले माझ्याशी भांडतील, की पहिल्यांदा जाणाऱ्यानं नदीच्या मागे लागूच नये. माराचे सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती, जिराफ हे कुठे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर तिथेच असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे कोरडं असतं, गर्दी बरीच कमी, आणि पार्कची फी बघा, परदेशी माणसाला माणशी दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. चार दिवसांत हा सरळ ४०० डॉलरचा फरक. एप्रिल-मे टाळा, तेव्हा त्यांचा मोठा पाऊस, काळ्या मातीत गाड्या रुततात. आणि कळपच बघायचे असतील, नदी नसली तरी चालेल, तर फेब्रुवारीत ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला एंडुटूच्या बाजूला असतात, पिल्लं जन्माला येण्याचा काळ असतो तो. पण तो टांझानिया, खर्च वाढतो, तुमच्या बजेटमध्ये ओढाताण होईल.

म्हणून दोन कोटेशन्सपैकी मी डोळे झाकून छोटा ग्रुप म्हणेन, पण डोळे उघडून त्याला काही गोष्टी विचाराल तेव्हाच पैसे द्या. गाडीत किती जण आणि प्रत्येकाला खिडकी आहे का, हे सगळ्यात आधी. मधल्या सीटवरून सिंह म्हणजे पुढच्याचं डोकं दिसतं. गाडी कोणती, वर उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर की व्हॅन, तुमच्या पाठीसाठी लँड क्रूझर बरी. मारामध्ये रात्री किती, चारपेक्षा कमी असतील तर दुसरं ठिकाण काढून टाका म्हणावं. राहायची जागा रिझर्व्हच्या आत आहे की गेटबाहेर, की कॉन्झर्व्हन्सीमध्ये, म्हणजे मसाई लोकांनी भाड्यानं दिलेल्या जमिनीवरचं जंगल. तिथे गाड्या मोजक्या असतात, रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची फेरीपण करता येते, जे मेन रिझर्व्हमध्ये चालत नाही. महाग असतं, पण दोन रात्री तिथे आणि दोन आत असं जमलं तर उत्तम. पार्कची फी पॅकेजमध्ये धरलीये का हे लेखी घ्या, बऱ्याच स्वस्त कोटेशनचं रहस्य तिथेच असतं. एकटीला खोलीचे जादा पैसे किती ते विचारा, आणि अनोळखी बाईसोबत शेअर करायला सांगितलं तर ती घोरते का हे विचारता येत नाही म्हणून मी तरी जादा पैसे भरते. "बिग फाइव्ह गॅरंटी" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. ती यादीच मुळात शिकाऱ्यांची, पायी शिकार करायला सगळ्यात धोकादायक ते पाच प्राणी, सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा. तुम्हाला जिराफ आवडतो असं तुम्हीच लिहिलंय, तो त्या यादीत नाहीये, बिघडलं का?

छोट्या विमानानं माराला नेणार असतील तर रस्त्याचे पाच-सहा तास वाचतात, फक्त सामान १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेत भरू नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे. पहाटे थंडी असते, उंचावर आहे सगळं, स्वेटर न्याच. आणि एक गोष्ट कुठलाच टूरवाला सांगत नाही म्हणून मी सांगते, चार-पाच तास गाडीत असताना बाथरूमचं काय. ड्रायव्हरला सरळ सांगायचं. तो मोकळी जागा बघतो, आधी आजूबाजूला काही नाही ना बघतो, आणि गाडीच्या मागे जायचं, त्याला सवय असते. पाणी प्यायचं कमी करू नका, आपल्या बायका तेच करतात आणि मग तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात.

आता सगळ्यात घाईचं काम, टूरच्या आधीचं. यलो फिव्हरची लस. केनियाहून भारतात परत येताना ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो, दुर्मिळच असतो पण डॉक्टर विचार करून देतात. तुम्ही जूनमध्ये साठ पूर्ण करताय. मग जायचं कधीही ठरो, डॉक्टरांना बीपीच्या गोळ्या, अंड्याची ॲलर्जी असलीच तर ती, सगळं सांगून या हिवाळ्यातच काय ते ठरवा, कारण २०१६ पासून एका डोसचं कार्ड आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. केनियाला आता व्हिसा नाही, पण जायच्या आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, ईटीए म्हणतात, ते मुलाकडून करून घ्या, त्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटेल.

पैशांचं तुम्ही फार अपराधी सुरात लिहिलंय. बँकेत आयुष्य गेलं तुमचं, तुम्हाला मी काय सांगणार, तरी तीन गोष्टी विचारते. दोघांचा मेडिक्लेम चालू आहे? अचानक कुणी आजारी पडलं तर वेगळे ठेवलेले पैसे आहेत? ही रक्कम गेल्यावर महिन्याचा खर्च पेन्शन आणि व्याजात भागतो? तिन्हीला हो असेल तर हे पैसे मुलाचे नाहीत, तुमच्या पस्तीस वर्षांच्या काउंटरवरच्या उभ्या राहण्याचे आहेत. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यानं आधीच घेतलेला कर, कापतात, तो रिटर्न भरताना हिशेबात येतो, पावती जपून ठेवा. प्रवासाचा विमा बीपी सांगूनच काढा, लपवून काढलेला विमा ऐनवेळी उपयोगाचा नसतो.

आणि आता तुमचा ता.क., जो मला सगळ्या पत्रात सगळ्यात मोठा वाटला. एकही सफारी केलेली नाही! ताई, पोहायला न शिकता इंग्लिश खाडी बुक करताय. आधी ताडोबाला जाऊन या. डिसेंबर-जानेवारीत, मंगळवार सोडून, तेव्हा बंद असतं. ठाण्याला विदर्भ एक्सप्रेस पकडा, सकाळी नागपूर, तिथून गाडीनं दोन-अडीच तास. कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची बुकिंग आधीच भरतात म्हणून आजच बघायला घ्या. सलग तीन सफाऱ्या करा, सकाळ, दुपार, सकाळ. उघड्या जिप्सीत चार तास बसून गुडघा काय म्हणतो, पाठ काय म्हणते, पहाटे उठणं झेपतं का, आणि मुख्य म्हणजे काहीच दिसत नसताना तुम्हाला कंटाळा येतो की मजा येते, हे सगळं आफ्रिकेच्या दहाव्या भागाहून कमी पैशात कळेल. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, ते तर फारच बरं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन सफाऱ्यांत वाघ नाही. आमच्या जिप्सीतल्या एक काकू शेवटच्या दिवशी रडकुंडीला आल्या, पैसे गेले म्हणून. त्याच सकाळी आम्हाला रानकुत्र्यांची टोळी दिसली होती, अकरा-बारा जण, रस्त्यात लोळत होते, एकमेकांचे कान चावत होते, वीस मिनिटं. गाइड म्हणाला वाघापेक्षा हे नशीब. काकूंनी बघितलेच नाहीत, त्या झाडीत पट्टे शोधत होत्या. तुमचं नदीबद्दलचं वाक्य वाचल्यावर मला पहिल्यांदा त्या काकूच आठवल्या. ताडोबाहून परत येताना तुम्ही त्या काकूंसारख्या असाल तर आफ्रिकेचे पैसे ठेवा, युरोप करा, तिथे आयफेल टॉवर जागेवर असतो. आणि वाघ न दिसताही पुढची तारीख विचारत आलात तर फेब्रुवारीचं माराचं तिकीट काढा. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तास, नेरूळहून कोकणात गावी जायला गणपतीत यापेक्षा जास्त लागतात.

दरम्यान एक खरेदी आजच करा, दुर्बीण. आठ बाय बेचाळीस मागा, त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि चित्र नाचतं. गाडीत सगळ्यांना एक असं चालत नाही, स्वतःची हवी. आणि तिकडे जाऊन बॉक्स उघडायचा नाही, दुर्बिणीला डोळा बसायला पंधरा दिवस लागतात. डीपीएसचं तळं तुमच्यापासून चालत, टीएस चाणक्यची बाजूही जवळच, बगळे आहेत, शेकाटे आहेत, जरा पुढे फ्लेमिंगो येतीलच. संध्याकाळी यांनाही घेऊन जा, शुगरसाठी चालणं झालं म्हणून, आणि दुर्बीण एकदा त्यांच्या हातात द्या. काही बोलू नका. डास चावले तर चावले.